सुविधा उपलब्ध नाही

केंद्रप्रमुख फोनवर म्हणाले,
मजकूर साधा ठेवा, बाई.
दोन ओळी. खाली सही, गोल शिक्का.
'सदर विद्यार्थ्यास शिकवण्याची सुविधा
या शाळेत उपलब्ध नाही.'
एवढं असलं की कुडाळच्या संस्थेत त्याची फी माफ,
नसलं की वर्षाचे अडुसष्ट हजार
आणि जेवणाचे वेगळे.

मी कोरा कागद घेतला. मग दुसरा.

गौरांग सुभाष कोयंडे, इयत्ता तिसरी,
त्या वेळी उंबऱ्याशी बसून
तिसऱ्यांची शिंपलं मांडत होता,
पालथी, पालथी, पालथी,
एखादं उताणं दिसलं
की सगळी मोडून पहिल्यापासून.
बाहेर वाळत घातलेल्या सुकटीचा वास
आणि आत दुसरीच्या पोरांचा अडखळता साताचा पाढा.

शाळेचा पट दहा.
हे आधी सांगायला हवं होतं.
तो गेला की नऊ, आणि नऊच्या शाळांची
तालुक्याला वेगळी फाईल असते.
म्हणजे हात जड झाला तो नेमका कुणासाठी,
तेव्हाही सांगता आलं नसतं,
आजही नाही.

पहिलीत आला तेव्हा टोल पडला
की कान दाबून फरशीवर लोळायचा.
एकदा ओकला.
उंडीच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा,
मी हातोडीच कपाटात टाकली.
मुलांनीच मग काढलं :
दोन्ही तळवे डोक्यावर नाचवायचे, म्हणजे सुट्टी.
एकानं केलं की सगळे करतात.
गौरांग सगळ्यांत शेवटी,
कुणाकडे न बघता.

विशेष शिक्षक महिन्यातून एकदा यायचे,
त्रेचाळीस शाळा, एक मोटारसायकल.
डब्यात मणी घेऊन यायचे,
मोजून परत न्यायचे.
तीन वर्षांत माझ्याकडून तो शिकला
'पाणी' म्हणायला,
आणि चपला घालायला, उलटसुलट.

मी घाटावरची, लातूरकडची.
थंय म्हणजे तिथे आणि हंय म्हणजे इथे
हे मला त्याच्या आईनं शिकवलं.
तीच आली दुपारी, मनगटाला खवले चिकटलेले.
'बाई, लिवा तुमी. माका वायट वाटाचा नाय.
थंय एका बायच्या वाटणीक चारच पोरां.
तुमी तरी काय काय करतल्यात?'
मग बाहेर जाऊन उभी राहिली,
होड्यांकडे तोंड करून.

मी लिहिलं.
'उपलब्ध नाही' लिहून झालं
तरी ओळीत थोडी जागा उरली होती, तिथे
'तथापि' लिहिलं.
तथापिच्या पुढे काही सुचेना.
तो कागद फाडला.
सहाव्यावर शिक्का मारला.

दाखल्यात आणखी एक रकाना,
शाळा सोडण्याचे कारण.
'पालकांच्या विनंतीवरून.'
सगळेच लिहितात.

दिवाळीनंतर एका शनिवारी
देवगडहून दोन एसट्या बदलून कुडाळला गेले.
खोल्यांना पिवळा रंग, भिंतीला धरून चालायला कठडा,
छताला टांगलेला कापडी झोपाळा.
तिथल्या बाईंनी वही दाखवली,
रोज किती वेळ बसला, काय काय म्हणाला.
एकवीस शब्द. मी दोनदा मोजले.
हेवा वाटला, मग बरं वाटलं,
याच क्रमानं.
तो मणी ओवत होता.
मला त्यानं पाहिलं की नाही, कळलं नाही.
निघताना फाटकाशी वळून मी उगाचच
दोन्ही तळवे डोक्यावर नाचवले.
तिथल्या शिपायानं मला
हात केला.

या जूनला पहिलीत एक मुलगी आली. पट पुन्हा दहा.
उंडीखाली उभी राहून तिनं विचारलं,
'ह्या कित्याक टांगलला आसा?'
'वाजवूक,' चौथीतला मंथन म्हणाला,
'पण आमच्यात नाय वाजवत.'